क्लबची बोली, हॉटेलातलं जेवण आणि पन्नास हजारांचं टोकन

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. यंदा बेदाण्याला बरा भाव मिळाला. आम्ही सात-आठ मित्र रात्री जागून इंग्लंडचा फुटबॉल बघतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांनी आम्हाला सांगलीत एका मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलं. तिथं एक गृहस्थ होते. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, आता लंडनला असतात असं म्हणाले. इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला एक क्लब विक्रीला निघालाय, आपल्या माणसांचा गट त्यावर बोली लावतोय, माणशी पाच लाख भरले की तुम्ही क्लबचे भागीदार, असं त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. बोलीची मुदत शुक्रवारी संपतेय म्हणून पन्नास हजार टोकन तिथल्या तिथं मागितलं. आमच्यातल्या दोघांनी दिलं. मी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणालो. मटणाचं ताट, तांबडा-पांढरा, निघताना प्रत्येकाला मफलर, सगळं व्यवस्थित केलं त्यांनी. शुक्रवार जाऊन तीन आठवडे झाले, तरी रोज फोन येतोय. पैसे भरावेत का? आणि त्यांचं मीठ खाल्लंय, आता नाही कसं म्हणायचं?

उत्तर : भाऊ, पैसे भरू नका. टोकनसुद्धा नाही. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. इथं सविस्तर लिहिते, कारण त्या जेवणाला तुमच्याशिवाय आणखी तीसेक माणसं होती असं तुम्ही म्हणालात. ती माणसंही कदाचित हे वाचतील.

पत्रासोबत त्या कागदाची झेरॉक्स जोडलीत, हे फार चांगलं केलंत. पान एकच. वर ठळक इंग्रजी मथळा, शेजारी सोनेरी फुटबॉल. क्लबचं नाव मात्र कुठंही नाही, ‘नामांकित इंग्लिश क्लब’ एवढंच. बोली लावणाऱ्या कंपनीचं नाव आहे, नोंदणी क्रमांक नाही. पैसे जमा करायचं खातं कंपनीचं नाही, एका व्यक्तीचं बचत खातं आहे आणि खाली क्यूआर कोड. सगळ्यात शेवटी बारीक टाइपात लिहिलंय की भरलेली रक्कम परत मिळणार नाही. सहीची जागा फक्त तुमच्यासाठी. पैसे घेणाऱ्यानं सही कुठं करायची, तर कुठंच नाही. मी सांगलीत सीए म्हणून काम करते, दिवसभर असलेच कागद हाताखालून जातात. ज्यावर पैसे घेणाऱ्याची सही नाही, त्या कागदाला मी करार म्हणत नाही.

‘गोपनीयतेचा करार आहे म्हणून नाव सांगता येत नाही,’ असं ते म्हणाले. गोपनीयतेचा करार खरोखर असतो. पण त्याचा क्रम उलटा असतो. क्लब विकायचा ठरला की मालक बहुधा एखादी बँक किंवा सल्लागार कंपनी नेमतो. २०२२ मध्ये लंडनचा चेल्सी क्लब विक्रीला निघाला तेव्हा हे काम न्यूयॉर्कच्या रेन ग्रुप या बँकेकडे होतं, पुढं मँचेस्टर युनायटेडचंही त्यांच्याकडेच गेलं. ज्याला क्लब घ्यायचाय तो आधी गोपनीयतेच्या करारावर सही करतो आणि त्यानंतर त्याला माहिती मिळते. त्यावरून तो प्राथमिक बोली कळवतो. ती सहसा बंधनकारक नसते. तिच्यासोबत दाखवावा लागतो तो पैसे कुठून येणार याचा पुरावा. त्यातून निवडलेल्या थोड्यांना क्लबचं दप्तर उघडून मिळतं : खेळाडूंचे करार, कर्ज, थकलेला कर, चालू दावे, मैदान नक्की कुणाच्या नावावर आहे. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मग भाव बोलतो, तसंच हे. तुम्हाला तर पोतंच दाखवलेलं नाही.

त्यानंतर बंधनकारक बोली, मग एकाशीच बोलणी, मग वकिलांचे महिने. तेवढ्यानंही भागत नाही. क्लबचं नियंत्रण ज्याच्या हाती जाणार, त्याची लीगकडून, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेकडून, तपासणी होते. माणूस कोण, पैसा कुठला, पुढं क्लब चालवायला त्याच्याकडं काय आहे, हे सगळं द्यावं लागतं. २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेनं यासाठी वेगळा कायदा करून सरकारपासून स्वतंत्र असा नियामकही आणलाय. इतकी चाळणी असताना सांगलीतल्या जेवणात शुक्रवारची मुदत कशी निघते? आणि शुक्रवार उलटल्यावरही तोच फोन तेच पैसे कसे मागतो? तुम्ही पत्रात हे लिहिलंत म्हणजे तुमच्याही मनात ते आलेलं आहे.

हॉटेलात बसून क्लबचे सौदे होतच नाहीत असं नाही. २००३ मध्ये रशियाचे रोमान अब्रामोविच चेल्सी घ्यायला आले तेव्हा त्यांची आणि चेल्सीचे तेव्हाचे मालक केन बेट्स यांची गाठ लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलातच पडली होती. कर्ज धरून साधारण १४ कोटी पौंडांचा तो व्यवहार. पण त्या टेबलाशी विकणारा स्वतः बसला होता आणि घेणाराही स्वतःच. कर्ज किती, शेअर किती, हे दोघांच्या वकिलांना पाठ होतं. तुमच्या जेवणाला क्लबचा मालक नव्हता, त्याचा वकील नव्हता, त्यानं नेमलेली बँक नव्हती. होते ते फक्त पैसे देऊ शकणारे लोक.

‘क्लब एका पौंडातसुद्धा मिळतात,’ असंही तुम्हाला सांगितलं गेलं. तेही खरं आहे. बेट्स यांनी १९८२ मध्ये चेल्सी एका पौंडालाच घेतला होता. पण एक पौंड ही क्लबची किंमत नसते. क्लबबरोबर त्याचं देणं, पगार आणि तोटा तुमच्या गळ्यात येतो, त्या व्यवहाराची ती नाममात्र रक्कम असते. मँचेस्टरजवळच्या बेरी गावचा क्लब १८८५ चा. १९०० आणि १९०३ मध्ये त्यांनी एफए कप ही इंग्लंडची मानाची स्पर्धा जिंकलीय. २०१८ च्या डिसेंबरात तो एका पौंडाला विकला गेला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये, देणी कशी भागवणार याचा पुरावा देता न आल्यानं, लीगनं त्याला काढून टाकलं. त्या गावातल्या माणसांनी काय केलं असेल याचा विचार करा. शनिवारी दुपारी जिथं बाप, आजोबा जाऊन बसायचे, ते गिग लेन मैदान कुलूपबंद. तिथल्या चाहत्यांनी हार मानली नाही. २०२२ मध्ये मैदान परत मिळवलं आणि २०२३ पासून संघ पुन्हा बेरीच्या नावानं खेळतोय, अगदी खालच्या पायरीवरून. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

पडद्यावर तुम्हाला रेक्सहॅम दाखवलं असणार, असं मी फोनवर म्हणाले आणि तुम्ही हो म्हणालात. वेल्समधला तो क्लब रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी या दोन नटांनी घेतला आणि २०२३, २०२४, २०२५ असा सलग तीनदा तो वरच्या विभागात गेला. पण तो घेतला कसा, हे त्या स्लाइडवर नसेल. क्लब चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा होता. दोघांनी आपला आराखडा सभासदांपुढं मांडला, मतदान झालं, ९८ टक्क्यांहून जास्त सभासदांनी कौल दिला, तेव्हा २०२१ च्या फेब्रुवारीत ताबा मिळाला. सुरुवातीचे २० लाख पौंड गेले ते क्लबच्या कामासाठी, कुणा विकणाऱ्याच्या खिशात नव्हे. त्यांनी चाहत्यांकडून पैसे मागितले नाहीत, आणले.

उलट उदाहरण ग्लासगोच्या रेंजर्सचं. २०११ मध्ये तो क्लब एका पौंडाला गेला आणि नव्या मालकानं बँकेचं कर्ज फेडायला पैसा उभा केला तो चाहत्यांच्या पुढच्या हंगामांची तिकिटं आगाऊ विकून. म्हणजे ज्यांचं क्लबवर प्रेम, त्यांच्याच खिशातून क्लब घेतला गेला. २०१२ च्या फेब्रुवारीत क्लब दिवाळखोरीत नेमल्या जाणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेला. पुढं त्या मालकाला फसवणुकीच्या खटल्यात ज्युरीनं निर्दोष ठरवलं, हे नोंदवायला हवं. पण क्लबची कंपनी बुडाली ती बुडालीच. प्रशासकांनी बोल्या मागवल्या, चाहत्यांचा एक गट, एक अमेरिकन, एक सिंगापूरचा असे बरेच जण आले-गेले, शेवटी मैदानासकट सगळी मालमत्ता ५५ लाख पौंडांना विकली गेली आणि स्कॉटलंडचा तोवरचा सगळ्यात यशस्वी संघ चौथ्या विभागात जाऊन खेळला.

आता आपल्याकडच्या कायद्याचं, कारण इथं तुमच्यावरही जबाबदारी येते. परदेशातल्या कंपनीचे शेअर घ्यायला भारतीय माणसाला बंदी नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण ते तुमच्या बँकेतून, तुमच्या पॅनवर, ए-२ फॉर्म भरून, कशासाठी पाठवतोय ते लिहून. ‘तुम्ही इथं रुपयांत द्या, आम्ही तिकडं पौंडांत भरतो’ हे जे तुम्हाला सांगितलं, ती हवाला झाली. त्यात ‘मला माहीत नव्हतं’ हे चालत नाही. आणि इथं लोकांकडून असे पैसे गोळा करणाऱ्याला परवानगी लागते. शेअर बाजाराची नियामक सेबी आहे, २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा आहे, महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ पासून आहे. त्या गृहस्थांना एवढंच विचारा की तुमची नोंदणी कुठं आहे.

दुसरी एक गोष्ट घरबसल्या करता येते. ब्रिटनमधल्या प्रत्येक कंपनीची माहिती ‘कंपनीज हाउस’ या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळते. क्लबची कंपनी शोधा : संचालक कोण, खरं नियंत्रण कुणाचं, मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे, ताळेबंद कधी भरला. तुमच्या कागदावरचं कंपनीचं नाव मी तिथं टाकून पाहिलं. त्या नावाची कंपनी निघाली नाही.

ज्या दोघांनी टोकन दिलंय, त्यांनी बँकेची नोंद, कागद, फोनवरचे मेसेज, अगदी मफलरसुद्धा जपून ठेवावा. आधी पैसे परत द्या अशी लेखी मागणी करावी, आठ दिवसांची मुदत द्यावी. नाही आले तर सांगलीला पोलीस अधीक्षक कार्यालयात आर्थिक गुन्हे शाखा आहे, तिथं दोघांनी मिळून अर्ज द्यावा. लाज वाटायचं कारण नाही. लाजेपोटी माणसं गप्प बसतात आणि पुढच्या गावात पुढचं जेवण होतं.

आता मिठाचं. भाऊ, मीठ खाणं म्हणजे अडीनडीला कुणी घास दिला, त्याची जाण ठेवणं. माल विकायला बोलावून वाढलेलं ताट हा विक्रीचा खर्च असतो, तो त्यांनी आधीच धरलेला असतो. तुमच्यावर कसलंही ऋण नाही. फोनवर बोलायला जड जात असेल तर हा मेसेज जसाच्या तसा पाठवा : ‘नमस्कार. जेवणाबद्दल आभार. क्लबचं नाव, आपल्या कंपनीचा नोंदणी क्रमांक आणि सेबीची परवानगी लेखी मिळाल्याशिवाय मी या विषयावर बोलणार नाही. कृपया फोन करू नये.’ मला वाटतं, फोन थांबेल.

आणि मित्रांबरोबर सामने बघणं सोडू नका. क्लबमध्ये खरंच पैसा घालायची हौस असेल तर मँचेस्टर युनायटेड २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, डॉर्टमुंड, युव्हेंटस, सेल्टिक हे क्लबही आपापल्या देशांतल्या बाजारात आहेत. घ्या असं मी सांगत नाही, लाभांशाच्या आशेनं तर मुळीच नको. पण तिथं निदान नाव, भाव आणि पावती तिन्ही असतात.

प्रश्न : सर्वात मोठी बोली लावेल त्याला क्लब मिळतो ना? मग मँचेस्टर युनायटेड कतारच्या शेखांना का मिळाला नाही? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही मिळत, आणि तुझ्या प्रश्नातलं उदाहरणच त्याचा चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये ७९ कोटी पौंडांना युनायटेड घेतला, पण त्यातला बराच पैसा उसना होता आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. जो क्लब तोवर कर्जमुक्त होता, तो स्वतःच्या खरेदीचं व्याज भरू लागला. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, तो आजही खेळतो.

२०२२ च्या नोव्हेंबरात कुटुंबानं क्लब विकायची तयारी दाखवली. शेख जसीम यांना शंभर टक्के हवा होता, कर्ज फेडायचीही तयारी होती. दुसरे इच्छुक, ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी आपली मागणी हळूहळू बदलली आणि शेवटी थोड्या हिश्श्यावर तयार झाले. इथं एक बारकावा आहे. युनायटेडच्या शेअरचे दोन वर्ग आहेत, बाजारातल्या शेअरला एक मत, कुटुंबाकडच्या शेअरला दहा. त्यामुळं विकायचं की नाही, किती आणि कुणाला, हे सहा भावंडांच्या हातात. सगळ्यांनाच बाहेर पडायचं नव्हतं. ज्याची बोली त्यांना आत राहू देते, ती त्यांना बरी वाटली. २०२३ च्या ऑक्टोबरात शेख जसीम बाजूला झाले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत रॅटक्लिफ यांना २७.७ टक्के मिळाले, शेअरला ३३ डॉलर भावानं. खेळाचा कारभारही त्यांच्याकडं आला. पंधरा महिने हे चाललं आणि तेवढा काळ संघाचे चाहते टांगणीला. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

कधी सरकारच मध्ये येतं. १९९८ मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीनं युनायटेडसाठी ६२.३ कोटी पौंड मोजायची तयारी केली, संचालक मंडळानं होकारही दिला. चाहत्यांनी मोहीम उघडली, मक्तेदारी आयोगानं अहवाल दिला आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये सरकारनं व्यवहार रोखला. चेल्सीच्या २०२२ च्या विक्रीला तर सरकारी परवाना लागला. युक्रेन युद्धामुळं मालक अब्रामोविच यांच्यावर निर्बंध आल्यानं शेअरचे २५० कोटी पौंड त्यांच्या हाती न जाता गोठवलेल्या खात्यात गेले आणि घेणाऱ्यांना आणखी १७५ कोटी क्लबमध्ये घालायचं वचन द्यावं लागलं. रॅटक्लिफ तिथंही आले होते, पण मुदत उलटून गेल्यावर. ४२५ कोटींचा आकडा घेऊनही त्यांना परत जावं लागलं.

आणि मोठी बोली म्हणजे खिशात पैसा असेलच असंही नाही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये मायकेल नाइटन यांनी युनायटेड २ कोटी पौंडांना घेतल्याची घोषणा झाली. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी ते संघाचा पोशाख घालून मैदानात उतरले, चेंडू पायावर नाचवला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. महिन्या-दोन महिन्यांत पाठीराखे सावकार मागं हटले आणि व्यवहार मोडला. टाळ्या वाजवणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती. आपल्या क्लबला चांगला मालक मिळावा, असं त्यांना वाटत होतं. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असतो तेव्हा मीही गर्दीत असते, त्यामुळं ती भावना मला परकी नाही. फक्त तिथल्या तालमी कुणी बोली लावून घेऊ शकत नाही, त्या पेठेच्या आहेत, आणि मला ते फार बरं वाटतं.

प्रश्न : पुण्याच्या कंपनीनं इंग्लंडमधला क्लब घेतला होता, त्यांना फायदा झाला का? – निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : सर, तुम्ही व्यंकीजबद्दल विचारताय. कुक्कुटपालनातल्या या पुण्याच्या उद्योगसमूहानं २०१० च्या नोव्हेंबरात ब्लॅकबर्न रोव्हर्स २.३ कोटी पौंडांना घेतला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक, आणि १९९५ चा प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या विभागाचा, विजेता. त्या विजयामागं जॅक वॉकर होते, त्याच गावचे पोलाद व्यावसायिक, आयुष्यभर त्याच संघाचे चाहते. ते २००० मध्ये गेले आणि त्यांच्या ट्रस्टनं पुढं क्लब विकला.

घेतल्यावर महिनाभरात अनुभवी प्रशिक्षकाला काढलं, तिथून घडी विस्कटली. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला, २०१७ मध्ये आणखी एक विभाग खाली, २०१८ मध्ये परत वर. चाहत्यांनी मोर्चे काढले, एकदा तर क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तो राग मला समजतो. पण दुसरी बाजूही सांगायला हवी : या मालकांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही, बेरीसारखं त्याचं झालं नाही. वर्षामागून वर्षं तोटा भरून काढायला त्यांनी इथून पैसे पाठवले. तेव्हा फायद्याचं विचाराल तर पैसा पुण्याहून ब्लॅकबर्नला गेला, तिकडून इकडं आला नाही.